तणसीचे वासरू

सम्यकाला कोणते दूध द्यावे, या प्रश्नावर कुडव्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जितका वाद झाला, तितका तिचे नाव ठरवतानाही झाला नव्हता. मुलगी पाच वर्षांची. उंची बेताची आणि वजन उंचीच्या मानानेही कमी. डॉक्टरांनी ‘दूध वाढवा’ एवढेच सांगितले होते. कोणते, ते ना त्यांनी सांगितले, ना कोणी विचारले.

“पाकिटातलं दूध कोणत्याच जनावराचं नसते,” रत्नपाल बायकोला म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवत असे आणि घरातही खडू हातात असल्यासारखा बोलत असे. “गावोगावच्या गाई-म्हशी त्यात मिसळल्या असतात. आपली पोरगी कोणाचं दूध पिऊन राहिली, हे आपल्याले सांगता आलं पाहिजे.”

“सांगायचं कोणाले हाय?” रश्मी म्हणाली. “ते काय त्या गाईच्या घरी पाहुणी जाणार हाय? अन् चहात तं तुमाले तेच पाकीट चालते.”

“मी आता वाढत नाही. ते वाढते.”

“वाढता ना. पोटाकडून.”

वादात रश्मी हसली, म्हणून ती हरली असे धरले गेले. दुसऱ्या दिवसापासून रत्नपाल पहाटे मोटारसायकल काढून कामठ्याला जाऊ लागला. तिथे त्याची आई सुशिलाबाई एकटीच राहत असे. तिच्याकडे चांदी नावाची गाय होती. उन्हाळ्यात व्यालेल्या चांदीचे वासरू थोड्याच दिवसांत दगावले होते. अशा वेळी गावात जे करतात, तेच सुशिलाबाईने केले होते: वासराचे कातडे सोलून घेऊन, मीठ-राख लावून वाळवून, त्यात धानाची तणस, म्हणजे वाळला पेंढा, ठासून भरली होती, आणि चार काठ्यांचे पाय लावून ते गोठ्यात उभे केले होते. धार काढताना ते समोर ठेवले की चांदी त्याला चाटे आणि पान्हा सोडी.

रत्नपालला यात गैर काही दिसले नाही. गंधाने आणि स्पर्शाने जनावराच्या शरीरात जे घडते, ते त्याने वर्गात अनेकदा समजावून सांगितले होते. गाय फसते, असे म्हणणेही त्याला मान्य नव्हते. फसण्यासाठी आधी विचार करावा लागतो, असा त्याचा मुद्दा होता.

पावसाळ्याच्या ओलीने मात्र ते कातडे कुजले, आणि एका रात्री कुत्र्यांनी ते ओढून नेले. नेमका त्या सकाळी रत्नपाल सम्यकालाही बरोबर घेऊन आला होता. चांदी कोणाला जवळ येऊ देईना. सुशिलाबाईच्या हातातला धारेचा पितळी गंज तिने लाथेने उडवला.

“आटली आता हे,” सुशिलाबाई म्हणाली. “इच्या पुढं काहीतरी उभं पायजे.”

तेव्हा सम्यका आपण होऊन गव्हाणीपाशी गेली आणि गाईसमोर उभी राहिली. चांदीने मान खाली घातली, तिचे केस हुंगले, आणि मग कपाळापासून शेंडीपर्यंत सावकाश चाटू लागली. गंजात धारेचा आवाज सुरू झाला.

“पाह्य, पाह्य!” सुशिलाबाई हरखली. “नातीनं काम केलं.”

त्या दिवसापासून चांदी सम्यकाशिवाय दूध देईना, म्हणून पहाटे तीही रोज कामठ्याला जाऊ लागली. सम्यकाच्या दुधासाठी सम्यकाच हवी, हा पेच दिवाळीच्या सुट्ट्यांनी सोडवला. आजीकडे राहील, ताजे दूध पिईल, हवापालट होईल, असे रत्नपालने सांगितले. रश्मीने फार विरोध केला नाही, कारण मुलगी खरोखरच बाळसे धरू लागली होती.

सुट्टी संपून ती परतली, तेव्हा शेजारणींनी तिचे गाल ओढले. दंड गोल झाले होते, पोट गच्च भरल्यासारखे दिसत होते. रश्मीने तिला उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग ती म्हणाली, “डॉक्टरकडे चला.”

“कायले? इतकी गुटगुटीत झाली.”

“तुम्ही उचलून पाहा.”

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभे केले. आकडा आधीपेक्षा खाली होता. त्यांनी काटा भिंतीपासून सरकवला; स्वतः उभे राहून पाहिले; मग आतल्या खोलीतला दुसरा काटा मागवला. दोन्ही काटे एकच सांगत होते. “कपडे जाड होते का मागच्या वेळी?” त्यांनी विचारले, पण मुलीच्या भरलेल्या पोटऱ्यांकडे पाहताना त्यांचा स्वतःचाच त्या प्रश्नावर विश्वास नसावा.

सुट्टी संपल्यापासून चांदीची धार अडली होती, म्हणून रविवारी सुशिलाबाईने नातीला बोलावले होते. रत्नपाल तिला घेऊन गेला आणि या वेळी अंगणात पेपर वाचत न बसता गोठ्याच्या दारात उभा राहिला. ऊन चांगले वर आले होते. सुशिलाबाईने सम्यकाच्या पाठीवर एक तुकडा टाकला. कुत्र्यांच्या तोंडून सुटलेला, तांबूस केसांचा कातड्याचा तुकडा होता तो.

“आई, हे काय होय?”

“वास राह्यते बापा. लवकर पान्हावते.”

तो पुढे बोलणार होता; परंतु त्याचे लक्ष मुलीकडे गेले. ती उभी होती, पण ज्या रीतीने मुले उभी राहतात त्या रीतीने नव्हे. पाय ताठ, अंतराअंतरावर रोवल्यासारखे. डोळे उघडे, आणि त्यांवरची पापणी लवत नव्हती. एक माशी तिच्या खालच्या ओठावर बसली, चालत नाकपुडीपाशी गेली आणि तिथेच थांबली. चांदी चाटत होती. प्रत्येक चाटण्यासरशी मुलीचे अंग थोडे कलत होते आणि कोणी सरळ केल्यासारखे परत उभे राहत होते.

“सम्यका!”

तिने वळून पाहिले नाही. त्याने झेप घेऊन तिला उचलले. त्या झेपेला जेवढे ओझे अपेक्षित होते तेवढे हाती न आल्याने तो मागे भेलकांडला. छातीशी धरल्यावर तिच्या आतून काहीतरी सरसरले. वाळलेल्या तणसीत उंदीर फिरावा, तसा तो आवाज होता.

“हलू नको म्हणते आजी,” सम्यका त्याच्या कानाशी म्हणाली. “हललं तं ते दूध देत नाही.”

“तुले काही दुखते का?”

“नाही.” तिने विचार केला. “काहीच होत नाही.”

सुशिलाबाई धार अर्धी सोडून उठली होती. “काऊन नेऊन राह्यला पोरीले? गाय पान्हावली हाय!”

“आता ते इथं येणार नाही,” रत्नपाल म्हणाला. कारण त्याने दिले नाही. कारण न देता त्याने काही सांगितल्याचे त्याच्या आईला आठवत नव्हते. ती खाली बसली.

कुडव्यात पाकिटाचे दूध सुरू झाले. पहिल्या पेल्याला सम्यकाने तोंड लावले आणि ती मोठ्याने रडू लागली. रश्मीला त्या रडण्याने इतका धीर आला की तिनेही डोळे पुसले. मुलगी दूध पिऊ लागली, भांडू लागली, माशी बसली तर हात उडवू लागली. गाल उतरले, अंगातला आवाज थांबला, आणि काट्यावरचा आकडा वर सरकू लागला. पण एका ठिकाणी येऊन तो थांबला. उंची वाढली, चपला लहान झाल्या. आकडा जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, प्रकृती उत्तम आहे. रत्नपालने आहार, हाडे, आनुवंशिकता असे सगळे मुद्दे मांडून पाहिले. रश्मी ऐकत राहिली. तिला फक्त एवढे कळत होते की मुलीतले काहीतरी अजून घरी आलेले नाही.

अशात एका दुपारी कामठ्याहून फोन आला. रत्नपालने तो स्पीकरवर ठेवला.

“चांदी दूध देऊन राह्यली,” सुशिलाबाईचा आवाज हलका होता. “आपल्या मनानं. पुढं काई ठेवत नाई मी. कातडंबी जाळलं.”

“बरं झालं ना मग.”

“बरं कायचं? हवेले चाटते ते. खाली नाई, वर नाई, एकाच जागी. माह्या कंबरेच्या वर, इतकं.” ती थांबली. कंबरेच्या वर किती, ते तिला फोनवर दाखवता येत नव्हते, आणि दाखवण्याची गरजही नव्हती; सम्यकाची तेव्हाची उंची तिघांनाही ठाऊक होती. “धार काढू का, रत्नपाल? दूध पाठवू का पोरीले?”

रत्नपालने मागे वळून पाहिले. आतल्या खोलीत सम्यका पेल्यात बिस्कीट बुडवत होती.

रश्मीने फोन उचलला. “आई, धार काढू नका.”

“कास तटतटली हाय व. मंग काय करू?”

“गाईले सोडा मोकळी. अन् तुम्ही गोठ्यातून बाहेर या, दार लोटून घ्या.” तिने आतल्या खोलीचे दार ओढून घेतले. “जे उभं हाय तिथं, त्याले पिऊ द्या पोटभर.”