पावणेचौदा व्होल्ट

मुलाच्या खोलीतला रेडिओ पुन्हा सुरू करायचा, हे कंपाउंडरबाईंनी ठरवलं तेव्हा त्यांच्याकडे परवाना होता, हवेत ओळख सांगायला स्वतःची कॉल साइन होती, पण त्या रेडिओपर्यंत वीज कशी न्यायची याची काडीइतकी कल्पना नव्हती.

बाईंनी उभी हयात एका दवाखान्याच्या औषधखिडकीमागे काढलेली. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना कंपाउंडरबाईच म्हणायची. यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता डोळे अधू झाल्यावर ते फक्त दुसऱ्यांनी रंगवलेल्या पाट्यांना नावं ठेवायचे. एकुलता एक मुलगा हौशी रेडिओवाला होता. नोकरीतून उरलेला सगळा वेळ तो त्या खोलीत बसून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचा, आणि त्यातल्याच एका आवाजाशी त्यानं लग्न केलं. "आमची सून आम्ही बघायच्या आधी ऐकली," असं पाटीवाले चारचौघांत सांगत. ती घरात आली ती जिन्यावरून धावत, काहीतरी सांडत, त्यावर स्वतःच हसत. सासऱ्यांनी तिचं नाव गडबड ठेवलं.

पुढे मुलगा आजारपणात गेला. गडबड त्यांच्याजवळच राहिली. तिघं एकमेकांना जपत, एकमेकांपासून रडणं लपवत राहत होती. शेवटी बाईंनीच तिला एक दिवस समोर बसवलं.

"तू आमच्यासाठी थांबू नकोस. आम्ही आहोत दोघं, एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटायला."

ती भांडली, अबोला धरला, आणि बऱ्याच महिन्यांनी मानली. दुसरा नवरा रस्ते बांधणारा इंजिनियर होता, सज्जन माणूस. काम असेल तिकडे बिऱ्हाड. जाताना तिनं स्वतःचा छोटा सेट नेला, मुलाचा मोठा तिथेच ठेवला. "हा इथलाच आहे, आई," एवढंच म्हणाली.

फोन यायचे. आधी वरचेवर, मग कधीमधी. फोनवर सगळं कसं अगदी नीट असायचं. "गोळ्या घेताय ना?" "घेतेय. तिकडे थंडी कशी आहे?" मागे कुणी भांडं ठेवल्याचा आवाज आला की बाईंना वाटायचं, आपण परक्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरलोय. आपण हिच्या कोण? सासू म्हणावं, तर ते नातं आपल्याच हातानं सोडवलेलं. आई म्हणावं, तर तिची आई चांगली धडधाकट होती. मग त्या आपणच घाईनं "बरं, ठेवते" म्हणायच्या आणि ठेवल्यावर कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत बसायच्या.

एकदा मुलाचा एक मित्र भेटायला आला आणि सहज बोलून गेला की गडबड दर रविवारी सकाळी जुन्या मंडळींच्या हवेतल्या बैठकीला असते. सगळे आपापल्या घरून ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावतात. कुणीही यावं, हाक मारावी, चार शब्द बोलावेत. बाईंच्या मनात ते रुतून बसलं. फोन करायला काहीतरी निमित्त लागतं, तिथे ते लागणार नव्हतं. त्यांनी मुलाची पुस्तकं काढली, परवान्याच्या परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या.

"या वयात हे काय खूळ?" पाटीवाले दारातून म्हणाले. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. काही बोलायचं असलं तर उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.

सेट धड होता. गच्चीवर मुलानं ताणलेली अँटेनाची तार जागेवर होती. नव्हता तो पॉवर सप्लाय. तो मित्राचा होता, परत गेला होता. हा सेट भिंतीतल्या विजेवर थेट चालत नाही. त्याला गाडीच्या बॅटरीसारखी, एकाच दिशेनं वाहणारी वीज लागते, पावणेचौदा व्होल्टच्या आसपास. बाईंनी नवा सप्लाय आणवला. त्याच्या पाठीवर लाल आणि काळा असे दोन खुंट होते. सेटच्या वायरीच्या टोकाला मात्र लाल-काळ्या प्लास्टिकचे जुळे कनेक्टर होते. ते मुलानं त्यांना एकदा दाखवले होते.

"बघ आई, यात नर-मादी नसतं. कुठलाही तुकडा उलटा धरला की दुसऱ्यात बसतो. याला सासर-माहेर नाही."

"मग पुढच्या जन्मी मी कनेक्टरच होणार," गडबड मागून म्हणाली होती, आणि तिघंही हसली होती.

मुलाच्या डब्यात तसे सुटे कनेक्टर सापडले. बाईंनी जुन्या टेबललॅम्पची वायर कापली, एका टोकाला कनेक्टर कसेबसे दाबून बसवले, दुसरं टोक खुंटांना आवळलं. लाल ते लाल, काळं ते काळं. उलटं लागलं तर सेट जायचा, म्हणून मीटर लावून पुन्हा पुन्हा खात्री केली. बाटली गिऱ्हाईकाच्या हाती देण्याआधी लेबल वाचायची सवय अशी कामाला आली.

रविवारी सेट उजळला. खरखर, शिट्ट्या, आणि त्यातून माणसांचे आवाज वर आले. कुणी छपराबद्दल बोलत होतं, कुणी गुडघ्याबद्दल. बैठक चालवणारे गृहस्थ एकेकाला बोलावत होते. आणि मग ती आली. कुणाच्या तरी थट्टेवर ती खळखळून हसली. फोनवर ती असं हसत नव्हती.

मध्ये जागा मिळाली तशी बाईंनी माइकचं बटण दाबलं, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सेट विझला. बटण सोडलं तर पुन्हा जिवंत. परत दाबलं. गप्प राहिलं तर दिवा जळत होता, बोललं की अंधार.

"कुणीतरी येतंय आणि जातंय," गृहस्थ म्हणाले.

"थांबा ना काका जरा," गडबडीचा आवाज आला. "कुणीतरी दार वाजवतंय. कोण आहे? या, आम्ही ऐकतोय."

बाईंनी सगळा जीव गोळा करून कॉल साइन म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच अक्षरावर सेट गेला. शेवटी बैठक पुढे सरकली, मग संपली. सगळ्यांनी एकमेकांचा निरोप घेतला आणि खरखर तेवढी उरली.

"दुधाची तहान ताकावरही भागू देत नाही हे यंत्र," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. पाटीवाल्यांनीही बाहेरून ते हसणं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सेटच्या टोकाला मीटर धरून पाहिलं. नुसतं ऐकताना काटा ठीक, तोंडातून शब्द निघाला की धाडकन खाली. सप्लायच्या खुंटांवर मात्र तो हलतसुद्धा नव्हता. म्हणजे वीज वाटेत अडकत होती. जाड औषध बारीक सुईतून ढकलल्यासारखं. ऐकायला सेटला घोटभर वीज पुरते, बोलायला लोंढा लागतो.

कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्यानं कापलेली वायर चिमटीत धरून वर केली. "काकू, यावर काय चालवताय?"

"रेडिओ. बोलणारा."

"यावर बल्बसुद्धा कुरकुरेल." त्यानं आतून पेन्सिलीएवढ्या जाड तांब्याची लाल-काळी जोडी मोजून दिली. "आणि लांबी वाढवू नका. जितकं अंतर कमी, तितकी गळती कमी. फ्यूज सप्लायजवळ टाका, सेटजवळ नाही. वाटेत वायर घासली, चिकटली, तर आग सुरुवातीलाच थांबली पाहिजे." मग त्यानं कनेक्टरच्या पितळी जिभा दाबायची पक्कड उसनी दिली. "पूर्ण मिटेपर्यंत दाबा. अर्धवट दाबलं तर दिसायला छान दिसतं, पण तापतं."

बाईंनी वायर सोलली, जिभेत घातली, पक्कड आवळली. बोटं सांधेदुखीची. पक्कड अर्ध्यावर अडायची. दोन्ही हातांनी करून पाहिलं, मांडीवर टेकवून पाहिलं. जिभा वाकड्या होऊन वाया गेल्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा येता का?"

पाटीवाले उंबऱ्यापाशी आले. "काय हवंय?"

"तुमचे हात हवेत."

ते तसेच उभे राहिले. आत मुलाची खुर्ची होती, भिंतीवर त्यानं डकवलेला जगाचा नकाशा होता, त्याचे कोपरे सुटले होते. बाईंनी पुन्हा हाक मारली नाही. पक्कड हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. मग पाटीवाल्यांनी चप्पल काढली, का कुणास ठाऊक, आणि आत आले. खुर्ची टाळून पलंगाच्या कडेला बसले.

"कुठे दाबायचं? मला नीट दिसत नाही."

"मी धरते. तुम्ही फक्त दाबा."

पक्कड कट्कन मिटली. बाईंनी जीभ ओढून पाहिली, निघेना. मग ती लाल प्लास्टिकच्या घरात सरकवली, आतून खट् आवाज आला. एकामागून एक सगळ्या झाल्या. पाटीवाले हात चोळत म्हणाले, "आपल्या पोराचेही हात असे दुखत असतील का गं? आपण कधी विचारलंच नाही." थोड्या वेळानं ते उठले आणि नकाशाचे सुटलेले कोपरे अंगठ्यानं दाबून बसवू लागले. ते बसेनात, तरी दाबत राहिले.

त्या रविवारी दोघंही खोलीत होती. बाईंनी बटण दाबलं आणि कॉल साइन पूर्ण म्हटली. दिवा जराही लवला नाही.

"नवीन स्टेशन, स्वागत आहे!" गृहस्थ म्हणाले. "आवाज खणखणीत येतोय. नाव काय म्हणायचं?"

"कंपाउंडरबाई म्हणा."

पलीकडे नुसती खरखर. मग, अगदी हळू, "आई?"

"तुम्ही बोला," गृहस्थ म्हणाले. "आम्ही थांबतो."

"आई, सेट कुठला?"

"त्याचाच."

"आणि पॉवर?"

"नवा सप्लाय घेतला. आधी टेबललॅम्पची वायर लावली होती."

"टेबललॅम्पची? अहो आई! म्हणजे मागच्या वेळी दार वाजवत होतात त्या तुम्हीच?"

"मीच. बोलायला गेलं की बंद पडायचं."

"आता कशी आहे वायर? फ्यूज घातलाय?"

"जाड आहे. फ्यूज सप्लायजवळ. सगळ्या जिभा ओढून पाहिल्या. दाबल्या यांनी."

"पप्पा त्या खोलीत आहेत?"

"माझ्या शेजारी बसलेत."

पाटीवाले माइककडे झुकले, मग आठवलं की त्यांना परवाना नाही. "सांग तिला, ऐकू येतंय म्हणावं. छान येतंय."

बाईंनी सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "तुम्ही फोन लवकर ठेवता, आई. मला वाटायचं, माझा आवाज ऐकला की तुम्हाला त्याची आठवण येते, जड जातं. म्हणून मी फोन कमी केले."

"अगं, आठवण तर येतेच," बाई म्हणाल्या. "ती यावी म्हणूनच तर ऐकायचं असतं. मला वाटायचं, तुझ्या नव्या घरात माझी अडचण होते."

"अडचण? आई, मी इथे..."

आणि तिथे हवा बदलली. तिचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा लांब लांब होत गेला. "...दुपारी..." एवढा एक शब्द वर आला आणि बुडाला. बाईंनी पुन्हा पुन्हा हाक मारली. गृहस्थही ऐकू येईनासे झाले. वायर ठीक होती, व्होल्ट ठीक होते. आकाशापुढे कुणाचं चालत नाही.

"झालं का समाधान?" पाटीवाल्यांनी विचारलं.

"नाही हो. भूक वाढली."

दुपारी फोन आला. या वेळी बाईंनी "ठेवते" म्हटलं नाही, आणि पलीकडे भांडी वाजली तेव्हा "काय केलंस गं आज?" असं विचारलं. त्यानंतर फोन होत राहिले, रविवारही होत राहिले. काही रविवारी ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी ऐकू यायची, काही रविवारी नुसती खरखर. तेव्हाही बाई सेट लगेच बंद करत नसत. पाटीवाले म्हणायचे, "नाही यायची आज ती," आणि स्वतःच आवाज थोडा वाढवायचे.