मधल्या खडकावर

वहिनीला पाण्याची धास्ती. घोट्याच्या वर पाणी आलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून मासेमारीतलं तिचं काम काठावरचं. गळाला पिसं गुंडाळून खोटी माशी करायची, ती बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधायची आणि तो दोरा रिळाच्या जाड दोरीला जोडायचा. नायलॉनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घासून दोरा कमजोर होतो, हे नणंदेनेच तिला शिकवलं होतं. नणंद म्हणजे पाण्यातलं भूत. त्या सकाळीही ती नदीच्या मधल्या खडकावर उभी राहून गळ फेकत होती.

वर धरणाचं पाणी सोडलं असावं. आधी नदी गढूळली, मग काठावरचा गळांचा डबाच तरंगत निघाला. वहिनीने मान वर केली, तर खडक टीचभर उरला होता.

"वन्सं, परत या ना!"

"कशी येऊ? पाय ठरत नाही." नणंदेचा आवाज अगदी सपाट होता. "गाडीतला दोर आण. एक टोक झाडाला बांध. मी गळ फेकते, त्याला दुसरं टोक जोड."

गळ काठावरच्या झुडपात येऊन अडकला. वहिनीने दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं गळाच्या बारीक दोऱ्यालाच जोडलं आणि सवयीने गाठ तोंडाशी नेली. तोंडात थेंब नाही. तोंडचं पाणी पळतं म्हणतात, ते खरंच पळालं होतं. तिने गाठ तशीच आवळली. नणंदेने रीळ फिरवलं, दोर चार हात सरकला आणि दोरा तुटला.

"आता जाड दोरी फेकते," नणंद म्हणाली. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं.

पहिली फेक प्रवाहाने ओढून नेली. दुसरी काठाजवळ पडली, पण पाण्यात. वहिनी बघतच राहिली. दोरी हळूहळू वाहत चालली होती.

दोराचं टोक दातात धरून ती उतरली. मांडीपर्यंत, मग कंबरेपर्यंत. पायाखालचे दगड घरंगळले. दोरी हाताला लागली तेव्हा तिने ती दोराभोवती गुंडाळत नेली, टोक आतून ओढलं आणि डोळे मिटून गाठ आवळली.

गाठ टिकली. नणंदेने रीळ फिरवून दोर ओढून घेतला, काखेखाली बांधला, खडक सोडला आणि दिसेनाशी झाली. दोर ताणला गेला आणि कुरकुरला. वहिनी "वन्सं, वन्सं" एवढंच पुटपुटत होती. खालच्या वळणाशी एक हात वर आला, मग डोकं, मग खोकला.

बऱ्याच वेळाने नणंद काठाकाठाने लटपटत आली. वहिनी अजून कंबरभर पाण्यात, दोर धरून उभी.

"झालं, अगं. आलेय मी. ये वर."

"पाय उचलत नाहीयेत," वहिनी बारीक आवाजात म्हणाली. "मला बाहेर काढा, वन्सं."