उलट्या छत्रीतली काळी अंडी

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण पावसाशी माझी फारशी ओळख नाही. माझा जन्म उलटं होण्यातच गेला.

किडे अभ्यासणाऱ्या एका बाईंनी मला दुकानातून आणलं आणि त्याच दिवशी आतून पांढरं कापड शिवलं. मग रोज जंगल. बाई मला फांदीखाली उलटी धरत आणि काठीने फांदी झोडपत. अळ्या, भुंगे, कोळी टपाटप माझ्या पोटात पडत. पांढऱ्यावर सगळं लख्ख दिसे. पाऊस आला, की बाई मला मिटून पोटाशी धरत आणि स्वतः भिजत.

त्यांची आई म्हणे, "छत्री कोरडी, पोरगी ओली! कुणाला सांगायची सोय नाही."

एका वर्षी अळ्यांनी जंगल ओरबाडून काढलं. झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या. वनखात्याचे साहेब म्हणाले, "सोमवारी विमानातून विष फवारतो."

बाई म्हणाल्या, "विष नको." मला कारण ठाऊक होतं. पूर्वी एका फवारलेल्या जंगलात त्यांनी दिवसभर फांद्या झोडपल्या होत्या आणि माझ्या पोटात पडली होती फक्त वाळकी पानं. अळी मेली, तशी अळीच्या मुळावर उठणारी किडामुंगीही मेली. पुढच्या वर्षी अळी दुप्पट आली. तिला अडवायला कुणी उरलंच नव्हतं.

बाईंचा भरवसा एका गांधीलमाशीवर होता. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग ते अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते.

"ती या जंगलात आहे हे डोळ्यांनी दाखवा, मग बोलू," साहेब म्हणाले.

बाईंनी अंडी असलेली पानं बरण्यांत ठेवली. काही अंडी काळी पडली, तशा त्या हरखल्या. पण सोमवारपर्यंत माश्या निघतील याची खात्री नव्हती, म्हणून मुदत वाढवून मागायला त्यांना दोन दिवस शहरात जावं लागलं. जाताना त्या म्हाताऱ्या वनरक्षकाला एवढंच म्हणाल्या, "मामा, बरण्या स्वच्छ ठेवा बरं का."

मामांनी शब्द पाळला. ज्यांतून अळ्या निघाल्या ती अंडी चांगली, काळी पडली ती सडकी, असं ठरवून त्यांनी काळी अंडी पानांसकट काढून टाकली.

मुदत काही मिळाली नाही. सोमवारी सकाळी बाई साहेबांना घेऊनच परतल्या, तर बरण्या चकचकीत!

"मामा, काळी अंडी कुठं आहेत?"

"सडली होती, बाई. फेकली."

बाईंनी रिकामी बरणी उचलून पाहिली. "फेकली? कुठं?"

मामांनी मान खाली घातली. "रागावू नका. कचऱ्याचा डबा पार अंगणात, अन् माझे गुडघे हे असे. ती छत्री जवळ होती..."

मी मुठीने खुंटीला टांगलेली होते, अर्धवट मिटलेली. बाईंनी मला अलगद काढलं आणि टेबलावर उघडलं. माझ्या पांढऱ्या कापडावर बारीक ठिपके पसरले होते. ते चालत होते.

"श्वास रोखा," बाई कुजबुजल्या, "उडून जातील."

साहेबांनी भिंग लावलं. मग बाईंकडे वळले. "या चिलटांच्या जिवावर जंगल सोडू म्हणता?"

"पंधरा दिवस सोडा. नाही जमलं, तर विमान आहेच की."

विमान आलं नाही. बाईंनी तसल्या माश्या बरण्यांत वाढवून झाडाझाडावर सोडल्या. पंधराव्या दिवशी मामा पालवीची फांदी घेऊन नाचत आले. गुडघे विसरले होते बहुतेक. अळ्या अजूनही आहेत, पण थोड्या. असाव्यातच, नाहीतर माश्यांनी जगावं कशावर?

आता माझ्या दोन काड्या मोडल्या आहेत, कापड विटलं आहे. नवे विद्यार्थी मला पाहून विचारतात, "ही अडगळ टाकायची का?" तेव्हा दाराशी बसलेले मामा काठी आपटतात. "खबरदार! आधी उघडून बघा."

मित्रांनो, माझंही एवढंच मागणं आहे. काळं पडलं, जुनं झालं म्हणून काही फेकू नका. आधी उघडून बघा. आत कुणीतरी चालत असेल.