शिवलेले खिसे

पोरगी पंधराची झाली की आईने डोळ्यांत तेल घालून राहावं, असं सगळेच सांगतात. तेल किती घालावं, ते मात्र कोणी सांगत नाही.

ही आई शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी आणि शेजारच्या स्टुलावर शाळेतून आलेली लेक. तिचं तोंड असं सुरू असायचं, की घरात तिचं नावच टकळी पडलं होतं. बाई गं, मध्ये श्वास तरी घे, असं आई म्हणायची आणि कान तिकडेच ठेवून शिवायची.

हल्ली कपडे धुण्याआधी आई टकळीचे खिसे चाचपायची. एकदा त्यात लायटर निघाला. आईच्या पायाखालची जमीन सरकली. टकळी घाबरली नाही. मैत्रीण सिगारेट ओढायला लागलीय, ती सुटावी म्हणून मीच काढून घेतला, असं तिने सांगितलं. वर म्हणाली, "फक्त तुला सांगतेय, आई. कुणाजवळ बोलू नकोस."

आईने मान हलवली, पण मन मानेना. दुसऱ्याच दिवशी ती खात्री करायला मैत्रिणीच्या घरी गेली. तिथल्या आईने लेकीचं दप्तर उलटं केलं आणि सिगारेटचं पाकीट बाहेर पडलं. मग त्या पोरीला जो मार बसला, तो हिने दारात उभं राहून पाहिला. वाईट वाटलं, पण छातीवरचा धोंडाही उतरला. आपली पोर बावनकशी निघाली होती.

घरी येऊन तिने लेकीला जवळ ओढलं. "खरंच बोललीस गं तू."

"ते मला माहीत होतं," टकळी म्हणाली.

मैत्रिणीने बोलणं टाकलं. टकळीने आईशी टाकलं नाही. येते, जेवले, बरं, एवढं ती बोलायची. स्टूल रिकामं राहिलं. आईने त्यावर कधी कापड ठेवलं नाही.

मग एकदा धुण्यातला ड्रेस उचलून तिने सवयीने खिशात हात घातला, तर हात आत जाईना. दोन्ही खिसे शिवून टाकलेले. बाकीच्या कपड्यांचेही तसेच. टाके बारीक, एकसारखे, आईनेच शिकवलेले. ती कात्री घेऊन उसवायला बसली.

"राहू दे ना आई," टकळी दारातून म्हणाली, अगदी मायेने. "तुझा तपासायचा त्रास वाचेल."

आईला रडू आवरेना. लेकीने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि कपडे उचलून धुवायला घेऊन गेली.