झालरीतलं मीठ

भूमिकाच्या फ्रॉकच्या झालरीत पुन्हा मिठाचे खडे सापडले, तेव्हा रोहिणीने ते तळहातावर घेऊन निरखले. पोर चार वर्षांची. आईने हाका मारून घसा बसवला तरी बाईसाहेब ढिम्म, आणि दुपारी शेजारच्या हौसामावशीचं दार वाजलं की चप्पल न घालता पळणार!

हौसाला मूलबाळ नव्हतं. नवरा नाथा मिठागरावर. लग्न होऊन कासू गावात आल्यापासून रोहिणीने हौसाला कुठल्या पोराचा गालगुच्चा घेताना पाहिलं नव्हतं, की खाऊचं आमिष दाखवताना. मग पोर तिथे रमते कशी? हौसा तिला मोड आलेले वाल सोलायला बसवते, "बाय, तुजं वाल माज्यापरीस बरं सोललंत," म्हणते, आणि पोरीची न संपणारी बडबड नीट ऐकून घेते. एवढ्यावर कुणी भुलतं का? रोहिणीला पटेना. त्यात समोरच्या जनीने काडी टाकलीच, "मूल नसलेल्या बाईचा जीव परक्या पोरीत अडकला की बरं नाय, गो."

रोहिणीने लेकीला मांडीवर घेतलं. "हे मीठ कुठलं गं?"

"मावशी डोळे मीट सांगते, नि मीठ फिरवते. आईला सांगायचं नाय."

सांगायचं नाय! रोहिणीचं डोकंच फिरलं. नवरा धनेश रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला. तो येईपर्यंत धीर कुणाला? उद्यापासून पोरीचं तिकडे जाणं बंद. पण आधी बाईला रंगेहाथ पकडायचं. दुपारी भूमिका गेल्यावर ती हौसाच्या मागल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आत भूमिका पाटावर डोळे मिटून बसली होती. हौसा दोन्ही मुठींत मीठ घेऊन तिच्यावरून उतरवत होती. ही तर दृष्ट काढतेय! पण कुणाची? रोहिणीने कान टवकारले.

"आल्यागेल्याची, वाटंवरची, बांधावरची..." हौसाचा आवाज एकदम खाली आला. "नि या हौसाची लागली असंल, तर जलून जाव दे."

मीठ चुलीत तडतडलं. वळताना हौसाला दारातली रोहिणी दिसली आणि तिचा चेहरा उतरला.

"रोज घरी धाडायच्या आधी काढते गो," ती चाचरत म्हणाली. "पोरगी हसली की माजं मन भरतं. मंग भ्या वाटतं, माजीच लागंल. लोक तसंच बोलतात ना? तुला पटत नसंल तर नको पाठवूस."

रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत आली आणि डब्यातलं मीठ तिने मुठींत घेतलं.

"मावशी, बस तिच्या शेजारी."

"मी? माजी कशाला गो?"

"बस म्हणते ना."

"डोळे मीट, मावशी," भूमिकाने दटावलं.

हौसा बसली. रोहिणी दोघींवरून मीठ उतरवू लागली. "आल्यागेल्याची, जनीची..." ती अडखळली. हौसाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आणि या रोहिणीची."