बोल्टचं शेपूट

म्हाताऱ्याने खोक्यावरची चिकटपट्टी स्क्रू ड्रायव्हरने टरकन फाडली आणि आतलं सामान गोणपाटावर उपडं केलं. काळं कॅरिअर, त्याला जोडायची पाठीची टेक, प्लास्टिकच्या पुडीत चार लांब बोल्ट आणि नट. टेकीच्या गादीवर त्याने अंगठा दाबून पाहिला.

“आत काय भरलंय? भुसा?”

“दुकानात होत्या त्यांत हीच चांगली होती,” जावई म्हणाला.

“दुकानदार काय, वाईट आहे म्हणून विकणार?”

घरामागच्या पत्र्याखाली मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. तिच्या एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला जावई. मध्ये गाडी नसती तर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली असती, असे उभे होते.

आठ महिन्यांपूर्वी याच गाडीच्या मागच्या सीटवरून म्हाताऱ्याची लेक रस्त्यावर पडली. गतिरोधकावर गाडी उडाली, हिचा हात सुटला, ही पाठीवर आपटली. मणक्याला चीर गेली. तेव्हापासून ती आईबापांकडे होती, पहिले तीन महिने तर नुसती छताकडे बघत. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता बसा, फिरा, फक्त पाठीला टेक हवी. त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला, रविवारी न्यायला येतो म्हणून. रिक्षाने जा, असं आईने सांगून पाहिलं, पण लेक हट्टाला पेटली. ज्या गाडीवरून पडले त्याच गाडीवरून जाणार, नाहीतर ही भीती जन्माची मानगुटीवर बसेल, म्हणाली. मग म्हाताऱ्याने अट घातली. गाडीला टेक लावायची. ती तो स्वतः बसवणार आणि स्वतः हलवून बघणार. केसभर जरी हलली, तरी पोरगी या घरातून जाणार नाही.

आणि खरं सांगायचं तर ती हलणार, हे त्याने अंथरुणात पडल्यापडल्याच ठरवून टाकलं होतं. मग ती कशी का बसेना. कारखान्यात चाळीस वर्षं लोखंड कातलेला माणूस तो. हलते म्हणाला तर नाही म्हणायची छाती कोणाची होती?

“सीट काढ,” तो म्हणाला.

पूर्वी तो जावयाला अहोजाहो करायचा. ‘जावईबापू, तुम्ही बसा, मी बघतो’ अशी भाषा असायची. दवाखान्याच्या जिन्यात एका रात्रीत ती ‘तू’वर आली आणि तिथेच राहिली.

जावयाने किल्ली फिरवून सीट काढली. स्वयंपाकघराच्या दारात लेक येऊन उभी राहिली. कमरेला रुंद पट्टा, केस नीट विंचरलेले, पायाशी भरलेली बॅग. तिच्यामागे आई.

“बाबा, किती वेळ लागेल?”

“लागेल तेवढा लागेल. उतावळेपणाने काय होतं ते बघितलंय आपण सगळ्यांनी.” शेवटचे शब्द त्याने जावयाकडे बघत उच्चारले. “माणसाला सावकाश चालवता येत नसेल तर टेक लावून काय उपयोग? उद्या पाळणा बांधशील.”

“बाबा, बास की आता.”

“का बास? हात तुझा सुटला, पण गाडी कोणी उडवली? विचार की त्याला.”

“लक्ष नव्हतं माझं,” जावई म्हणाला. हे वाक्य तो आठ महिने म्हणत आला होता. दवाखान्यात म्हणाला, पोलिसांना म्हणाला, स्वतःच्या आईला म्हणाला. आता ते पाठ केल्यासारखं सपाट यायचं.

“ऐकलंस? लक्ष नव्हतं साहेबांचं.”

“अहो, चहा ठेवू का?” आई मध्ये पडली.

“त्याला विष दे, मला चहा दे.”

“दोघांनाही चहाच देते,” ती म्हणाली आणि लेकीला दंडाला धरून आत घेऊन गेली.

म्हातारा खाली बसला. नवं कॅरिअर बसवायचं तर सीटमागची जुनी पकडायची दांडी आधी काढायला हवी. ती दोन वर्षांपूर्वी त्यानेच बसवली होती. दांडीच्या चार पायांतून चार बोल्ट वरून खाली जात आणि गाडीच्या सांगाड्याखाली नट लागत. त्याने पाना घेतला, सवयीने बोटांनी खालचा नट चाचपला आणि त्याचं बोट कचकन खरचटलं.

नटाच्या खाली बोल्टचं टोक बोटाच्या पेराएवढं बाहेर आलेलं होतं.

“हे कोणाचं काम?”

“काय?”

“हे शेपूट!”

आता हे शेपटाचं प्रकरण असं. नटाबाहेर आलेले आटे म्हाताऱ्याला बघवत नसत. माकडाला शोभतं शेपूट, बोल्टला नाही, असं तो म्हणायचा. कुठलाही बोल्ट बसवला की करवतीने नटाबरोबर कापायचा आणि टोक कानशीने घासून हरभऱ्यासारखं गोल करायचा. खाट, खिडक्या, पंखा, घरात हात फिरवाल तिथे त्याच्या कानशीची गोलाई लागायची. माझ्या शिलाई मशीनलासुद्धा सोडलं नाही यांनी, असं बायको सांगायची, आणि लेक लहानपणी अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखून दाखवायची, हा बाबांचा बोल्ट, हा दुकानातला. या दांडीचे चारही बोल्ट त्याने असेच कापून, घासून बसवले होते.

“माझे बोल्ट कुठे गेले?”

“बदलले मी,” जावई म्हणाला.

“का?”

“जुने झाले होते.”

“जुने? माझे बोल्ट? अरे, तू जुना होशील, ते होणार नाहीत! कुठल्या रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या ताब्यात दिलीस गाडी?”

“मीच बदलले.”

“तुला पाना कुठल्या बाजूने धरतात ते तरी माहीत आहे का?”

जावयाच्या मानेची शीर टरारली, पण तोंड उघडलं नाही. हे मूग गिळून बसणंच म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त झोंबायचं. भांडला असता तर चार शब्द ऐकवून मोकळं तरी होता आलं असतं. त्याने दात-ओठ खात तीन बोल्ट काढले. चौथ्याच्या नटावर त्याचा पाना सैल बसू लागला. त्याने सीटखालच्या खोबणीतल्या हत्यारांच्या पिशवीकडे हात नेला.

“थांबा, मी देतो,” जावई झटकन पुढे झाला.

“का? त्यात काय सोनं ठेवलंयस?”

त्याने पिशवी ओढून घेतली आणि दोरी सोडली. पाना होता, पक्कड होती, आणि तळाशी चिंधीत बांधलेली एक गाठ. म्हाताऱ्याने गाठ सोडली. आत चार बोल्ट निघाले, टोकं हरभऱ्यासारखी गोल.

त्याला बरंच वाटलं आधी. जुने म्हणे! तीन तर नव्यासारखे होते. चौथा त्याने उजेडात धरला. त्याच्या टोकाचे दोन आटे सपाट झाले होते, पार खरवडून निघालेले, पांढरे लकाकत. वरचे सगळे आटे शाबूत होते. म्हणजे सुटताना नट फक्त टोकाच्या त्या दोन आट्यांवरच होता.

त्याने शेवटचा नट काढला, दांडी मोकळी केली. तिच्या पायांखाली चार जाड रबरी वॉशर होते. त्याने त्यांतला एक उचलला, दांडीच्या पायाखाली धरला, दांडी जागेवर टेकवली आणि आपला कापलेला एक चांगला बोल्ट वरून घातला. खालून नट लावला. एक वेढा. दुसरा वेढा. टोक संपलं, वॉशरच्या जाडीने बोल्ट आखूड पडत होता. पान्याने आवळलं, तर रबर दबलं आणि नट अगदी घट्ट लागल्यासारखा वाटला.

वॉशर त्यानेच घातले होते. दांडी बसवल्यावर सव्वा वर्षाने लेक म्हणाली होती, बाबा, खडखड येते. कामावर जायची घाई होती तिला, गाडी दारात चालूच होती. त्याने डब्यातले रबरी वॉशर काढले आणि खाली घालून तेच बोल्ट परत आवळले. लांब बोल्ट घरात नव्हते असं नाही. पण ते कापायला, घासायला वेळ नव्हता, आणि शेपूट ठेवून गाडी सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. नट घट्ट लागला म्हणून तो निश्चिंत उठला होता. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती पडली.

त्याने पाना खाली ठेवला. घरातून कपबशांचा आवाज येत होता.

“गाडी किती वेगात होती?” त्याने हळू विचारलं.

“आता विचारताय?” जावयाचा आवाजही खाली आला, पण त्याला धार होती. “आठ महिन्यांनी?”

“किती होती?”

“वीस. फार तर बावीस. दांडीचा डावा पाय वर आला, दांडी फिरली आणि तिच्या हातातून सुटली. तिला एवढंच आठवतं की आपला हात सुटला.”

“आणि हे ठेवलेस कशाला?”

“तुमच्या तोंडावर फेकायला.” जावयाने गाडीवरून वाकून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. “दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला खुनी म्हणालात तेव्हा हे खिशातच होते माझ्या.”

“मग फेकायचे होतेस.”

“कसे फेकू? तिला कुशीवर वळवायला तुमचे हात, उठवायला तुमचे हात. मला तर तुम्ही जवळ फिरकू देत नव्हता. त्या हातांचा तिने धसका घेतला असता तर उठली असती ती?” त्याने कपाळावरचा घाम पालथ्या हाताने पुसला. “आज मात्र फेकणार होतो. टेक हलते असं तुम्ही म्हणणार होता, ते काय मला कळत नाही? ‘हलते’ म्हणून बघा नुसतं.”

म्हातारा मान खाली घालून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याच वेळी त्याने स्वतःशी एक गोष्ट कबूल केली: हा पोरगा त्याला अजूनही आवडत नव्हता. उलट आता त्याच्याकडे बघणंच अवघड झालं होतं.

मग त्याने कॅरिअर उचललं. “धर तिकडून,” म्हणाला. रबरी वॉशर बाजूला सारले आणि कॅरिअरचे पाय थेट लोखंडावर बसवले. नवे लांब बोल्ट घातले. प्रत्येक नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवला, मग पान्याने आवळला, आणि एकदा आवळून झाल्यावर परत आवळला. टेकीच्या दोन्ही दांड्या पकडून त्याने सगळा जोर लावला. गाडीच्या गाडी स्टँडवर डुलली, टेक हलली नाही. तो तसाच हिसडे देत राहिला, दमेपर्यंत.

जावयाने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे करवत टांगलेली होती. “कापायचे असतील ना?”

“नको,” म्हातारा म्हणाला. “राहू दे लांब.”

चहा आला. दोघांनी उभ्याउभ्या, एकमेकांकडे पाठ करून प्यायला. लेकीची बॅग कॅरिअरवर दोरीने बांधली गेली. ती गाडीला वळसा घालून आली, जपून वाकली आणि खाली पाहून हसायला लागली.

“आई, इकडे ये! बाबांनी शेपट्या ठेवल्या!”

“बरं नाही वाटतं यांना,” आई म्हणाली.

म्हाताऱ्याने लेकीचा दंड धरला, नेहमीसारखा, काखेतून हात घालून, आणि तिला सीटवर बसवलं. “टेक मागे,” तो म्हणाला. “अशी नाही. सगळा भार टाक.” तिने घाबरत घाबरत पाठ टेकली. मग खांदे सोडले. जावयाने गाडी सुरू केली.

“सावकाश चालव हं,” ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. घरात आठ महिने ऐकलेलं वाक्य होतं, तिच्याही तोंडात बसलेलं.

जावयाने नुसती मान हलवली.

“त्या दिवशीही ते सावकाशच चालवत होते,” म्हातारा म्हणाला.

इंजिनच्या आवाजात ते आईला ऐकू गेलं नाही. जावयाने गाडी बंद केली.

“कुठल्या दिवशी?” लेकीने विचारलं.

म्हाताऱ्याने सदऱ्याच्या खिशातून तो आटे खरवडलेला बोल्ट काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे. तिचा अंगठा बोल्टच्या गोल घासलेल्या टोकावरून फिरला आणि तिथेच थांबला.