गुळगुळीत रुपया

झिजलेल्या नाण्यांना जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायला होता. युसूफभाई कल्हईवाला. रोहिणखेडहून भाता आणि नवसागर घेऊन बाजारोबाजार फिरायचा, लोकांची भांडी लखलखीत करून द्यायचा, आणि स्वतः मात्र काळपट, बिनतोंडाची चांदी गोळा करायचा. चवली, पावली, रुपया, काहीही चालायचं. सराफ ज्याला बट्टा लावायचे आणि वाणी जे तोंडावर परत फेकायचे, ते नाणं हा कमी भावात हौसेनं उचलायचा.

मी त्याची पुष्कळ टर उडवायचो. राणीचं नाक गेलंय, कान गेलाय, आता तिला विलायतेत तिच्या घरचेही ओळखणार नाहीत, असं म्हणायचो. तो रागवायचा नाही. एकदा त्यानं त्याचा सगळ्यात लाडका रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटायला लावले. दोन्ही बाजूंनी पार पुसलेला, वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. कडेला कल्हईचा एक थेंब उडून चिकटला होता, तेवढाच काय तो खडबडीत. कोणाच्या लग्नात दिलेला, कोणाच्या बाळंतपणात मोडलेला, कोणाच्या कफनाला लागलेला. ते सगळं झिजून गेलं होतं आणि चांदी राहिली होती. खोटं कशाला बोलू, मला तो परत द्यावासा वाटेना. त्यानंतर मी टर उडवणं सोडलं नाही, पण कमी केलं.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली त्याचा एकुलता एक मुलगा, गुलजार, मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला निघाला. घर सोडून पहिल्यांदाच जात होता. गौसियाभाभीनं इमामजामीन बांधायचं ठरवलं. त्यांच्यात प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला कापडात शिवून नाणं बांधतात. माणूस सुखरूप पोचला की ते सोडून फकिराला द्यायचं. भाभीनं त्यासाठी एक नवा कोरा रुपया जपून ठेवला होता. पण युसूफभाई हट्टाला पेटला. एवढ्या हातांतून फिरून जो शाबूत राहिला, तोच पोराला शाबूत ठेवील, असं त्याचं म्हणणं. त्यानं लाडका रुपया काढून दिला. भाभीनं तो हिरव्या चिंधीत शिवला आणि पोराच्या दंडाला बांधला, पण तिच्या कपाळावरची आठी मला माझ्या ओट्यावरून दिसत होती.

पोरगा गेला आणि साथ गावात शिरली. सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी तिरडीवर. कोणाला खांदा द्यायचा आणि कोणाला नाही, याचाही हिशेब राहिला नाही. रस्ते ओस पडले. युसूफभाई स्वतः तापानं अंथरुणाला खिळला. मलकापूरकडून ना माणूस आला, ना निरोप. भाभी दाराशी बसून रस्त्याकडे बघायची. विचारलं तर म्हणायची, जिनात काम फार असेल.

साथ ओसरल्यावर तिकडून पहिली गाडी आली ती मोताळ्याच्या कडूबाची. युसूफभाईसाठी झिजकी नाणी आणायचा त्याचा जुनाच शिरस्ता. त्याची गुलजारशी काही ओळखपाळख नव्हती. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि नाणी युसूफभाईच्या हातावर ओतली. मी तिथेच होतो. तापानं वाळलेला त्याचा अंगठा नाण्यांवरून फिरला, आणि कल्हईच्या त्या थेंबाशी थांबला.

"गौसिया, पोरगा पोचला," तो ओरडला. "फकिराले देल्ला त्यानं. हे पाह्य, आपलाच हाय."

आजारपणानंतर पहिल्यांदाच तो आपल्या पायावर उभा राहिला होता. मला म्हणे बत्तासे आणा, दर्ग्यावर चादर चढवायची आहे. कडूबानं दोनदा तोंड उघडलं, पण युसूफभाई त्याला बोलू देईना. मग कडूबानं मान खाली घातली. मला तेव्हाच कळलं. बत्तासे आणायला मी उठलो नाही.

भाभी बाहेर आली. तिनं रुपयाकडे पाहिलं, हातात घेतला नाही.

"कोनं देल्ला तुले, कडूबा?"

कडूबा अडखळत सांगायला लागला. मलकापूरच्या कबरस्तानात खोदकाम करणारा एक जण होता. हा रुपया बाजारात कोणीच घेईना, म्हणून त्यानं कमी भावात कडूबाच्या गळ्यात मारला होता. रोहिणखेडचा एक जण असली नाणी घेतो हे सगळ्या गाडीवानांना ठाऊक होतं.

"कोन्या पोराच्या दंडाले होता म्हने," कडूबा म्हणाला. "वारस कोनी आला नाही, मंग त्यानं खंदाईच्या मजुरीत ठेवून घेतला."

युसूफभाईची मूठ मिटली. कबरस्तानातही फकीर राहतात, असं काहीसं तो पुटपुटला. मला त्या रुपयाचा असा संताप आला की तो हिसकावून विहिरीत फेकावा.

भाभी उंबऱ्यावर बसली, तिच्या रोजच्या जागी. रडली नाही.

"मी नवा देत होती," ती नवऱ्याला म्हणाली. "नवा असता तं बजारात कोनंही घेतला असता. इथं आला नसता." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी वाट पाह्यत राह्यली असती."